आमच्या पेठेतला तराजू

कोल्हापूर सोडणाऱ्या माणसाला तावडे हॉटेलच्या चौकात येऊन एकच गोष्ट ठरवावी लागते: महामार्गाच्या या अंगाला उभं राहायचं की त्या अंगाला. एका अंगाची गाडी साताऱ्यावरून पुण्याला जाते. दुसऱ्या अंगाची बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत बेंगळुरूला. रोज माणसं बॅगा सांभाळत येतात, आपापल्या अंगाला उभी राहतात आणि निघून जातात. आमचा तराजू मात्र गेली काही वर्षं दुभाजकावर उभा आहे. देहाने तो मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी, माडीवर, पंख्याखाली बसलेला असतो. पण मनाने दुभाजकावर.

तराजू हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. आमच्या पेठेत पाळण्यातलं नाव रेशनकार्डापुरतं असतं, बाकी आयुष्य टोपणनावावर निघतं. लहानपणी त्याला रंकाळ्यावर नेलं की भेळ खायची की आइस्क्रीम, हे ठरेपर्यंत दोन्ही गाड्यांवर ताडपत्री पडायची. फुटबॉलमध्ये तो बचावफळीत खेळायचा. चेंडू पायात आला की डावीकडे द्यायचा की उजवीकडे, याचा तो इतका नि:पक्षपाती विचार करायचा की समोरचा येऊन चेंडू घेऊन जायचा आणि गोल मारून परत येताना याच्या पाठीवर थाप टाकायचा. तालमीतल्या कुणीतरी एकदा 'तराजू' म्हणून हाक मारली, ती कायमची चिकटली.

पोरगा हुशार, यात वाद नाही. इंजिनिअर झाला, २०२० च्या टाळेबंदीत एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला. मुलाखत घरी, लॅपटॉप कुरिअरने घरी, पगार घरी, बढतीसुद्धा घरीच. आपल्या ऑफिसचं दार ढकलायचं असतं की ओढायचं, हे त्याला आजही माहीत नाही. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा वेषात तो रात्री उशिरापर्यंत अमेरिकेची कामं करायचा आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, पोरगं अजून परीक्षाच देतंय. मग साथ ओसरली, ऑफिसं उघडली आणि एक दिवस कंपनीची मेल आली. आता समक्ष यावं लागेल. आमची जागा पुण्यात हिंजवडीला आहे आणि बेंगळुरूत आउटर रिंग रोडला. कुठली हवी ते पंधरा दिवसांत कळवा.

दुसऱ्या कुणाला ही सोय वाटली असती. तराजूला ती परीक्षा वाटली. आणि पहिल्या नंबरात येणाऱ्या पोरांना एक खोड असते, 'कोणताही एक प्रश्न सोडवा' असं छापलेलं असलं तरी ती दोन्ही सोडवतात.

त्या रात्री त्याने एक्सेलमध्ये तक्ता मांडला. डावीकडे मुद्दे, शेजारी पुणे, त्याच्या शेजारी बेंगळुरू, खाली गुणांची बेरीज. सुरुवातीला घरभाडं, प्रवास, हवा, पाणी, शाळा असे पाच-सहा साधे मुद्दे होते. पण एक शहर पुढे सरकलं की तराजूला दुसऱ्याची दया यायची आणि तो त्याच्या बाजूने नवा मुद्दा शोधून आणायचा. हवेत बेंगळुरू पुढे गेलं. ते समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर, पुणं साडेपाचशेवर. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बेंगळुरूचा पस्तिशीच्या आसपास घुटमळतो. लगेच पुण्याच्या मदतीला पाणी धावून आलं. बेंगळुरूला कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, तेही पंपाने वर चढवून आणावं लागतं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले हाल सगळ्या देशाने टीव्हीवर बघितले. आता पुणं पुढे जाणार म्हटल्यावर तराजू अस्वस्थ झाला.

"पण काका, वाघोलीच्या सोसायट्यांत तरी काय? टँकरच की."

झाली बरोबरी. त्याने मांडी बदलली.

मग करांतून निकाल लागेल म्हणून तो त्यात शिरला. व्यवसाय कर महाराष्ट्रात वर्षाला अडीच हजार, कर्नाटकातही आता तेवढाच. त्याहून जास्त घ्यायला राज्यघटनेनेच मनाई केलेली आहे. घरभाडं भत्त्याच्या सवलतीसाठी प्राप्तिकर खातं वर्षानुवर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई एवढ्या चारांनाच महानगर मानत आलेलं. पुणं आणि बेंगळुरू दोघंही तेव्हा रांगेत मागे. "बघा, सरकारलापण दोन्हीत फरक दिसत नाही," असं म्हणताना त्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते बघून मला पहिल्यांदा शंका आली. तिढा सुटत नाही म्हणून कावलेल्या माणसाचं तोंड असं दिसत नाही.

मोटारसायकलच्या मुद्द्यावर तर त्याने कहर केला. गाडी एमएच ०९. आमच्याकडे माणूस जात, पात, पक्ष सगळं बदलेल, पण पाटीवरचा नऊ नंबर बदलायचा म्हटलं की त्याचा हात थरथरतो. पुण्याला गाडी नेली तर राज्य तेच, नंबर तोच. बेंगळुरूत वर्षाच्या वर ठेवायची तर तिथली नोंदणी, तिथला रोड टॅक्स आणि वर केए ची पाटी. पुण्याने इथे अशी आघाडी घेतली की सामना संपलाच. तराजूने दोन दिवस विचार केला आणि मोटारसायकल विकून टाकली. गाडीच नाही म्हटल्यावर मुद्दा रद्द. पुन्हा बरोबरी.

सकाळी साडेनऊला त्याच्या खोलीत जाऊन बघावं. लॅपटॉपच्या पडद्याचे उभे दोन भाग केलेले. डावीकडे गुगलच्या नकाशावर वाकड ते हिंजवडी फेज तीन, उजवीकडे सिल्क बोर्ड ते मारतहळ्ळी. हातात चहाचा कप.

"आज भूमकर चौक गच्च आहे, काका. पाऊण तासाच्या वर."

मग मान उजवीकडे. "सिल्क बोर्डला पण तीच बोंब. एचएसआरच्या आतल्या रस्त्यानं घातली असती तर सुटलो असतो."

सुटलो असतो! कोण? तो. कशावर बसून? गाडी तर विकलेली. पण त्याच्या कपाळावर खरंच घाम असतो. एका पावसाळी सकाळी दोन्ही नकाशे एकदम लाल झाले. नुसता तांबडाच तांबडा वाढलेला आणि पांढऱ्याची एक वाटी नाही, कोल्हापुरी माणसाला बघवणार नाही असं ते ताट होतं. तराजू उठून येरझाऱ्या घालायला लागला. "दहाच्या मीटिंगला उशीर होणार आज." मीटिंग त्याच लॅपटॉपवर होती, त्याच खुर्चीत. आणि सांगायची गोष्ट म्हणजे त्याला खरोखरच उशीर झाला, कारण दहा वाजून गेले तरी तो कोंडी सुटायची वाट बघत होता.

दोन्ही शहरांतलं त्याचं ज्ञान आता भीतीदायक झालेलं आहे. नम्म मेट्रो २०११ साली सुरू झाली आणि पुण्याची २०२२ साली, इथपर्यंत ठीक आहे. पण बेंगळुरूत जांभळ्या मार्गावरून पिवळ्याकडे जायचं तर हिरव्यावर कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं, हे तो रंकाळ्याच्या पदपथावर चालता चालता सांगतो. एकदा त्याच्या आत्याचा मुलगा, बेंगळुरूतच घर घेऊन राहिलेला, फोनवर चुकून काहीतरी बोलला, तर तराजूने त्याला त्याच्याच घरामागचा रस्ता समजावून सांगितला. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. तो बहुतेक खिडकीत जाऊन बघत असावा.

घरभाड्याचा प्रकार मी प्रत्यक्ष बघितला. बेंगळुरूत मालकाने दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागायची जुनी चाल आहे. पुण्यात दोन-तीन महिन्यांवर भागतं. कुणीही म्हणेल, ठरलं, पुणं. तराजूने दहा महिन्यांच्या रकमेवर बुडणारं व्याज ठेवींच्या दराने काढलं, त्यासमोर पुण्यातल्या एजंटाची दलाली मांडली, सोसायटीत राहायला आलेल्या माणसाकडून लिफ्टसाठी घेतात ते पैसे धरले, तरी बेंगळुरू महागच निघालं! मग त्याने आकड्यांचा नाद सोडला आणि माणसांना फोन लावले. स्पीकर सुरू.

पहिला फोन पुण्याला. आवाज वयस्कर, स्वच्छ.

"कुठले आपण?"

"कोल्हापूर."

पलीकडे थोडी शांतता. "मटण वगैरे... नाही ना करत घरात?"

"वगैरे नाही करत," तराजू प्रामाणिकपणे म्हणाला, "मटणच करतो."

फोन ठेवला गेला. दुसरा बेंगळुरूला. तिकडून नमस्कार व्हायच्या आधीच प्रश्न आला: "व्हेज ऑर नॉनव्हेज?"

तराजूचा चेहरा उजळला. 'मालकाचा स्वभाव' अशी नवी ओळ घालून त्याने दोन्ही रकान्यांत सारखेच गुण भरले.

एवढ्यात त्याची बायको हात पुसत वर आली. ती बेळगावची, घरात मराठी, बाजारात कन्नड अशी वाढलेली. एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करते. तिथे निवड नसते, कागद असतो. मध्यंतरी तिच्या बदलीचा कागद आला, तेव्हा तिने शनिवारी डबा बदलला आणि सोमवारी गडहिंग्लजच्या शाखेत जाऊन बसली. पहाटे उठते, एसटी पकडते, संध्याकाळी परत. त्या घरात नोकरीसाठी रोज गाव सोडणारं माणूस एकच आहे आणि तिने आजवर तक्ता मांडलेला नाही. तर तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, कन्नडमध्ये बेंगळुरूच्या मालकाशी हसत-खेळत बोलायला लागली, त्यात 'स्वल्प अडजस्ट माडी' एवढंच मला कळलं. पाच मिनिटांत दहा महिन्यांचं डिपॉझिट पाच महिन्यांवर आलं, मटणाला हरकत नाही असं ठरलं आणि येत्या रविवारी घर बघायला या, असं आमंत्रणही आलं.

तराजू पांढराफटक पडला. "अगं, तू तर ठरवूनच टाकलंस की!"

"मग काय करायचं असतं फोन करून?" ती म्हणाली आणि कुकर लावायला खाली गेली.

तो रविवार आला आणि गेला. कारण मधल्या दिवसांत तराजूला १ नोव्हेंबर आठवला. बेंगळुरूत त्या दिवशी राज्योत्सवाची सुटी. सासुरवाडीला बेळगावात मराठी माणसाचा काळा दिवस. जावयाने त्या दिवशी सुटी उपभोगायची की निषेध करायचा? आणि उपभोगलेल्या सुटीत निषेध केला तर तो धरतात का? वडिलांना विचारलं. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एकेकाळी सीमालढ्यातल्या मोर्चात चाललेले. त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता निकाल दिला: "बेळगाव महाराष्ट्रात येऊ दे, मग बघू तुझं बेंगळुरू." तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तराजूने तोही तक्त्यात घेतला, 'न्यायप्रविष्ट' असा शेरा मारून.

आई बिचारी साधी. तिला तक्ता कळत नाही, तिला चटणी कळते. पोरगं परगावी जाणार म्हणून ती दर उन्हाळ्यात नेहमीच्या कांदा-लसूण चटणीखेरीज एक वाढीव बरणी करून ठेवते, वर फडकं बांधते, 'न्यायची' म्हणते. दिवाळीपर्यंत घरातली बरणी संपते आणि 'न्यायची' फुटते. "आरं, जा की कुठंतरी एकदाचा," ती मिरच्या निवडत म्हणते, "न्हाईतर तसं सांग, मी कमी कुटते."

अंतराचा मुद्दा तरी निर्विवाद असेल ना? पुणं सव्वादोनशे किलोमीटर, बेंगळुरू सहाशेच्या वर. पण तराजू म्हणतो, किलोमीटर कशाला मोजता, वेळ मोजा. साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्ता रुंद करायचं काम काढलं तेव्हापासून पुण्याला जाणारा माणूस सेवारस्त्यावरच म्हातारा होतो. आणि इकडे उजळाईवाडीहून बेंगळुरूला थेट विमान, की तासा-दीड तासात तिथे. पण विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, तिथून पुढे पुन्हा ती कोंडी. तोवर पुण्याची एसटी स्वारगेटला लागलेली असते. पूर आला तर काय, हेही त्याने धरलंय. २०१९ आणि २०२१ ला महामार्गच पाण्याखाली गेला होता, म्हणजे तेव्हा कोणत्याच बाजूने घरी येता आलं नसतं. त्यापेक्षा, तो म्हणतो, पुराच्या वेळी घरीच असलेलं बरं. हे वाक्य त्याने सहज टाकलं, पण मी ते मनात ठेवलं.

मिरजकर तिकटीच्या चहाच्या गाड्यावर एका संध्याकाळी त्याने शेवटी इतिहास काढला. "शहाजीराजांपुढं पण हाच प्रश्न होता," तो म्हणाला. बशी फुंकणारे सगळे थांबले. शहाजीराजांचं नाव काढल्यावर आमच्याकडे बशी फुंकत नाहीत. "पुणे पण त्यांची जहागीर आणि बंगळूर पण त्यांचीच. मग काय केलं? स्वतः बंगळूरला राहिले आणि जिजाऊसाहेब आणि शिवबांना पुण्याला धाडलं. म्हणजे दोन्ही ठेवलं का नाही?" पुढे व्यंकोजीराजांनी बंगळूर म्हैसूरच्या वोडेयारांना तीन लाखांना द्यायचं घाटलं, मधेच १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि त्यांनीच वोडेयारांना विकलं, हेही त्याने सांगितलं. "तीन लाखात, काका! अख्खं बंगळूर! आता तेवढ्यात डिपॉझिट बसत नाही."

गाड्यावर एक रिक्षावाला होता. इतका वेळ गप्प. त्याने बशी खाली ठेवली. "सगळं खरं, भावा," तो म्हणाला. "पण राजं घोड्यावर बसलं तरी हुतं."

तराजूच्या बरोबर त्याच कंपनीत लागलेली आणखी दोन पोरं पेठेत होती. एकाला ती मेल आली तेव्हा तो मटणाच्या दुकानात रांगेत होता. त्याने तिथूनच मित्राला फोन लावला, "वाकडला तुझ्या खोलीत गादी टाकायला जागा हाय का?" जागा होती. त्याने अर्धा किलोचं एक किलो केलं, सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि रविवारी रात्री गेला. दुसरा बेंगळुरूला गेला, का ते त्याने सांगितलं नाही. वर्षभराने लग्नाची पत्रिका आली, त्यात मुलीचा पत्ता जयनगरचा होता. पहिल्याने आता मोशीला घर घेतलंय, हप्ते फेडतोय. दुसऱ्याच्या पोराला कन्नड अंगाईशिवाय झोप येत नाही. दोघांचंही बरं चाललंय, दोघेही रहदारीला शिव्या घालतात, आणि दोघांच्याही निर्णयाला तराजूच्या तक्त्यात ओळ नाही. गादीपुरती जागा आणि जयनगरची मुलगी. माणसं शहरं निवडतात ती अशी. बाकी मुद्दे मागाहून, नातेवाइकांना सांगण्यापुरते गोळा करतात.

तराजूला मी बरेच दिवस भित्रा समजत होतो. मग एका दुपारी तो चहा सांगायला खाली गेला असताना मी तो तक्ता नीट बघितला. बी मध्ये पुणे, सी मध्ये बेंगळुरू आणि त्यानंतर एकदम ई, शेरे. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात नोकरी काढलेल्या माणसाला लपवलेला रकाना वासाने कळतो. मी डी उघडला.

वर शीर्षक होतं: कोल्हापूर.

हवा, नऊ. पाणी, आठ, शेरा, 'काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली.' दूध: पुण्यात गोकुळची पिशवी मिळते म्हणून सात, बेंगळुरूत नंदिनी स्वस्त म्हणून सात, आणि डी मध्ये 'गंगावेशच्या कट्ट्यावर, म्हैस समोर', दहा. फुटबॉलला पुण्याचा शून्य, कारण एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. बेंगळुरू एफसीमुळे बेंगळुरूला सहा. आणि इथल्या शाहू स्टेडियमला दहातले अकरा. मालकाचा स्वभाव, दहा, शेरा, 'वडील.' नोकरी या ओळीत तेवढा शून्य होता, आणि त्याच्या पुढे बारीक अक्षरात, 'शेंडा पार्क?'

शेंडा पार्कात आयटी पार्क होणार ही बातमी आमच्याकडे गुढीपाडव्याच्या पंचांगासारखी दरवर्षी नव्याने छापून येते. जागा ठरते, मोजणी होते, पुढारी फोटो काढतात. आम्ही हसतो. तराजू हसत नाही. "उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचला पण हसत होता की तुम्ही," तो एकदा ठसक्यात म्हणाला होता. "कित्येक वर्षं वकिलांनी आंदोलनं केली. आलं का नाही ऑगस्ट २०२५ मध्ये?" याला उत्तर नाही. आलं खरं.

मी रकाना पुन्हा लपवला आणि चहा घेतला. त्याला बोललो नाही. दोन शहरांत बरोबरी राखायला तो का धडपडतो ते मला कळलं. एखादं जिंकलं तर जावं लागेल. भित्रा माणूस ठरवत नाही. याने तर कधीच ठरवलेलं होतं, फक्त मेलमध्ये त्या शहराचं नाव नव्हतं.

कंपनीचं काय झालं, हे विचाराल. पंधरा दिवसांची मुदत महिन्यावर गेली, महिन्याची तिमाहीवर. त्याचे साहेब बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब नव्या उत्साहाने 'पुणे की बेंगळुरू' विचारायचा, तराजू त्याला तक्त्याचा ताजा उतारा पाठवायचा, आणि साहेब तो वाचून होईपर्यंत त्याचीच बदली व्हायची. शेवटी मनुष्यबळ खात्यातल्या एका बाई चिडल्या. त्यांनी निर्वाणीचं पत्र लिहायच्या आधी, नियमाप्रमाणे, फाइल उघडून तक्ता वाचला. तासभर वाचत बसल्या म्हणे. त्या स्वतः इंदूरहून पुण्याला यायच्या होत्या आणि त्यांना घर मिळत नव्हतं. त्यांनी तराजूला फोन करून विचारलं, खराडीत राहू की विमाननगरला? त्याने त्यांना पाऊण तास माहिती दिली. कल सांगितला नाही, फक्त माहिती दिली. बाईंनी खराडीत घर घेतलं.

आता कंपनीत कुणाचीही बदली निघाली, देशात कुठूनही पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, की त्याला तराजूचा नंबर देतात. कुठल्या भागात घर बघा, शाळा कुठल्या, कुठल्या चौकाला कुठल्या वेळी फिरकू नका, डिपॉझिट कितीवर उतरतं. शेवटच्या मुद्द्याला तो फोन बायकोकडे देतो. हे काम आता त्याच्या हुद्द्यातच घातलंय. दोन्ही शहरांबाहेर राहणारा निःपक्ष माणूस हवा, म्हणून त्याला राहायला कोल्हापूरच मंजूर झालं, लेखी. ते पत्र आईने देवघरात ठेवलंय. यंदाची 'न्यायची' बरणी बाई खराडीला घेऊन गेल्या.

तेव्हा तुमच्यापैकी कुणापुढे पुणे की बेंगळुरू हा प्रश्न असेल, तर जरूर या. मंगळवार पेठेत येऊन तराजूचं घर विचारा, शेंबडं पोरगंही दाखवील. रविवारी सकाळी अकराच्या आत येऊ नका, तो मटणाच्या रांगेत असतो. आणि सामना असेल त्या दिवशी दुपारी अजिबात येऊ नका. जे विचारायचं ते सगळं विचारा, पैसे घेत नाही. फक्त 'तुम्ही असता तर कुठं गेला असता?' हे विचारू नका. माणूस पुन्हा मांडी बदलतो, आणि मग तुमची रात्रीची गाडी चुकते.